इम्पेलरचा स्ट्रक्चर्ड मेश अडला, तर आधी ड्रॉइंगकडे जा

पंपाचं फिरतं चाक म्हणजे इम्पेलर. त्यातला प्रवाह संगणकावर काढायचा तर आतली पाण्याची जागा छोट्या सेलमध्ये वाटावी लागते; ती जाळी म्हणजे मेश, आणि सेल रांगेत रचलेले असतील तर तो स्ट्रक्चर्ड. स्क्रीनवर ‘निगेटिव्ह व्हॉल्यूम’ (सेल आतबाहेर उलटला) असा लाल संदेश आला की नव्या माणसाचा हात आधी नोडच्या (सेलच्या कोपऱ्यांवरच्या बिंदूंच्या) आकड्याकडे जातो. ४० चे ६० करून बघायचं, ग्रोथ रेशो (पुढचा थर आधीच्या किती पट जाड) १.२ चा १.१५ करायचा, पुन्हा मेश करायचा आणि पुन्हा तोच संदेश वाचायचा. मीही सुरुवातीला हेच करत होतो. एका मिक्स्ड फ्लो इम्पेलरवर माझे चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी लक्षात आलं की व्हेनच्या (पात्याच्या) श्राउडकडच्या, म्हणजे पुढच्या तबकडीकडच्या, प्रोफाइलचे बिंदू घड्याळाच्या काट्याच्या दिशेने दिले होते आणि हबकडचे, म्हणजे मागच्या तबकडीकडचे, उलट दिशेने. हबवरची प्रेशर साइड (पात्याची पाणी ढकलणारी बाजू) श्राउडवरच्या सक्शन साइडला (मागच्या बाजूला) जोडली जात होती. पंचा पिळावा तशी व्हेन मधोमध पिळली गेली होती. नोड कितीही बदलले असते, तरी तो मेश होणारच नव्हता.

तेव्हापासून मी एक क्रम पाळतो: आधी भूमिती, मग टोपॉलॉजी (मेशच्या ब्लॉकची मांडणी), मग नोडची वाटणी आणि सगळ्यात शेवटी भिंतीजवळच्या थराची जाडी. खराब सेल दिसतो शेवटच्या पायरीवर, पण त्याचं कारण बहुतेक वेळा पहिल्या दोन पायऱ्यांत असतं. खालचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे. मेशिंगच्या सॉफ्टवेअरपैकी टर्बोग्रिड, आयसेम किंवा ओपनफोममधलं ब्लॉकमेश, यांपैकी काहीही वापरत असाल तरी क्रम बदलत नाही. फक्त बटणं बदलतात.

हिशेबासाठी एक साधा बंद इम्पेलर धरू. बाहेरचा व्यास २५० मिमी, वेग १४५० आरपीएम, ६ व्हेन, आउटलेटला रुंदी २० मिमी, आणि व्हेनचा कोन स्पर्शरेषेपासून सगळीकडे २५ अंश. लीडिंग एज (व्हेनची, पाणी आत येतं तिकडची कड) ६० मिमी त्रिज्येवर. शेतीच्या आणि इमारतींच्या पाणीपुरवठ्यात असे पंप पावलोपावली भेटतात.

स्ट्रक्चर्डच का, आणि कुठे नको

विटांसारखे सहा बाजूंचे सेल रांगेत लावले की व्हेनच्या पृष्ठभागालगत अगदी पातळ थर देता येतात, आणि ते थर प्रवाहाच्या दिशेने लांब ठेवता येतात. टेट्राने (चार बाजूंच्या सेलने) तेवढीच अचूकता आणायची तर सेलची संख्या बरीच वाढते. इम्पेलरची प्रत्येक व्हेन सारखीच असते, त्यामुळे एका पॅसेजवर (दोन व्हेनमधल्या वाटेवर) मेहनत घेतली की बाकीचे पाच फिरवून मिळतात.

व्होल्यूटचं, म्हणजे इम्पेलरभोवतीच्या शंखाकृती केसिंगचं, तसं नाही. टंगजवळची (केसिंगच्या जिभेजवळची) भूमिती आडमुठी असते आणि ती एकदाच येते. तिथे टेट्रा आणि प्रिझमचे थर बिनदिक्कत वापरा. इम्पेलर स्ट्रक्चर्ड, केसिंग अनस्ट्रक्चर्ड आणि मध्ये इंटरफेस (दोन मेश जोडणारा पृष्ठभाग), ही मांडणी रोजच्या कामात उत्तम चालते. सगळंच स्ट्रक्चर्ड करायच्या हट्टापायी नवीन लोकांचे आठवडे जातात, आणि त्या आठवड्यांत हेडच्या (पंप पाणी किती उंच चढवतो त्याच्या) आकड्यात फारसा फरक पडलेला नसतो.

पायरी पहिली: तीन वक्र

टर्बोमशिनरीच्या मेशिंग सॉफ्टवेअरला मुळात तीनच गोष्टी लागतात: हबचा वक्र, श्राउडचा वक्र आणि व्हेनची प्रोफाइलं. इथे शब्दांचा एक गोंधळ आहे, तो आधीच निस्तरलेला बरा. पंपवाले बॅक श्राउड आणि फ्रंट श्राउड म्हणतात. सॉफ्टवेअरच्या भाषेत बॅक श्राउडची ओली बाजू म्हणजे हब, आणि फ्रंट श्राउडची ओली बाजू म्हणजे नुसतं श्राउड. ड्रॉइंगवरून बिंदू काढताना श्राउडच्या बाहेरच्या बाजूचा वक्र घेतला जाणं ही नेहमीची चूक आहे. तसं झालं तर पॅसेज त्या प्लेटच्या जाडीएवढा जास्त रुंद होतो. मेश सुंदर येतो आणि हेड चुकतं.

वक्र हातात आले की मेशिंग सॉफ्टवेअर उघडू नका. आधी स्प्रेडशीट उघडा. प्रत्येक बिंदूचे एक्स आणि वाय घेऊन त्यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढा, ती झाली त्रिज्या. आता आडव्या अक्षावर झेड आणि उभ्या अक्षावर त्रिज्या घेऊन तिन्ही वक्र एकाच आलेखावर काढा. हे मेरिडियनल चित्र म्हणजे पंपाचा उभा छेद. ड्रॉइंगवरच्या छेदाशी ते डोळ्यांनी ताडून बघा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि निम्म्याहून जास्त दुखणी इथेच सापडतात असा माझा अनुभव आहे.

या चित्रात काय बघायचं? सगळ्यात आधी माप. बाहेरची त्रिज्या १२५ आली पाहिजे आणि एकक मिलिमीटर आहे हे सॉफ्टवेअरलाही सांगितलेलं असलं पाहिजे. मग अक्ष. त्रिज्येचा आलेख वेडावाकडा दिसला तर फिरण्याचा अक्ष झेड नसून एक्स किंवा वाय असण्याची शक्यता मोठी.

त्यानंतर लांबी. हब आणि श्राउडचे वक्र व्हेनच्या आधी सुरू होऊन व्हेनच्या पुढे संपले पाहिजेत. लीडिंग एजवरच वक्र सुरू केला तर इनलेटचा ब्लॉक ठेवायला जागाच उरत नाही. उलट प्रोफाइलांनी हब आणि श्राउड यांना स्पर्श केला पाहिजे, किंवा त्यांना किंचित ओलांडलं पाहिजे. प्रोफाइल श्राउडच्या ०.२ मिमी आत संपलं तर सॉफ्टवेअर एक तर व्हेन अंदाजाने ताणतं, नाहीतर तिथे फट आहे असं समजतं. मी कॅडमध्ये व्हेनचा पृष्ठभाग दोन्ही बाजूंनी एक-दोन मिलिमीटर वाढवून मगच बिंदू काढतो.

आता हबचं नाक. ओव्हरहंग इम्पेलरमध्ये शाफ्टच्या टोकाला नट असतो आणि हबचा वक्र पुढे जाऊन अक्षालाच टेकतो. तिथे त्रिज्या शून्य होते. त्रिज्या शून्य म्हणजे ६० अंशांच्या पॅसेजची रुंदीही शून्य. चौकोनी सेलची एक बाजू मिटते, आणि तुम्हाला निगेटिव्ह किंवा शून्य व्हॉल्यूम मिळतो. उपाय दोन आहेत. फिरत्या भागाचा इनलेट नटच्या पुढे नेऊच नका. नट जिथे संपून हब खऱ्या अर्थाने सुरू होतो तिथे इनलेट ठेवा आणि आयचा (इम्पेलरच्या तोंडाचा) भाग वेगळा, पूर्ण गोल मेश करा. ते जमत नसेल तर हबचा वक्र अक्षापासून दोन-तीन मिलिमीटरवर थांबवा आणि त्या बारीक दांड्याला घर्षण नसलेली भिंत द्या. मला पहिला मार्ग जास्त पटतो, कारण आयमधला प्रवाह तसाही नीट बघण्यासारखा असतो.

शेवटी प्रोफाइलांचा क्रम आणि दिशा. माझे चार दिवस याच गोष्टीने खाल्ले होते. सगळी प्रोफाइलं हबकडून श्राउडकडे क्रमाने असावीत, प्रत्येक प्रोफाइल बंद असावं, सगळ्यांची फिरण्याची दिशा एकच असावी, आणि सगळी शक्यतो लीडिंग एजवरून सुरू व्हावीत. तपासायचा सोपा मार्ग असा: प्रत्येक प्रोफाइलचे पहिले दहा बिंदू वेगळ्या रंगात काढा. सगळ्यांचे रंगीत तुकडे एकाच बाजूला पडले की निश्चिंत व्हा. कोनाचा आलेख काढताना १८० अंशांवरून उणे १८० वर उडी दिसली तर घाबरू नका. तो गणिताचा स्वभाव आहे, भूमितीचा दोष नाही.

जुन्या कास्टिंगवरून किंवा स्कॅनवरून बिंदू घेतले असतील तर लीडिंग एजकडे जास्त लक्ष द्या. दोन मिलिमीटर त्रिज्येच्या नाकावर चार-पाचच बिंदू असतील तर त्यातून जाणारा स्प्लाइन डुलतो, आणि त्या डुलण्यावर ओ ग्रिडचे (व्हेनभोवती गुंडाळलेल्या मेशचे) थर एकमेकांत घुसतात. नाकाच्या अर्धवर्तुळावर निदान पंधरा-वीस बिंदू ठेवा. पाठीवर आणि पोटावर मात्र गर्दी नको. स्कॅनमधले हजार खडबडीत बिंदू तसेच भरण्यापेक्षा त्यांवर गुळगुळीत वक्र बसवून साठ-सत्तर बिंदू घेतलेले चांगले.

पायरी दुसरी: एक पॅसेज कापणं

६ व्हेन म्हणजे ६० अंशांचा पॅसेज. मग कॅडमध्ये अक्षातून जाणाऱ्या दोन सरळ पातळ्या ६० अंशांवर घेऊन केकसारखा तुकडा कापायचा, असं सहज मनात येतं. आपल्या इम्पेलरवर करून बघू. कोन सगळीकडे २५ अंश असलेली व्हेन ६० मिमी त्रिज्येपासून १२५ मिमीपर्यंत जाताना किती वळते? १२५ भागिले ६० याचा नैसर्गिक लॉगरिदम ०.७३४. त्याला २५ अंशांच्या टँजंटने, म्हणजे ०.४६६ ने भागलं की १.५७ रेडियन येतात. म्हणजे जवळजवळ ९० अंश. पॅसेज ६० अंशांचा आणि व्हेन वळते ९० अंश! सरळ पातळी टाकली तर ती व्हेनमधूनच आरपार जाणार.

म्हणून पिरियॉडिक पृष्ठभाग (पॅसेजची, फिरवल्यावर जुळणारी बाजू) व्हेनसारखाच वळलेला हवा. दोन व्हेनच्या बरोबर मधून जाणारी, त्यांच्या मध्यरेषेला समांतर अशी रेघ घ्या आणि ती ६० अंश फिरवून दुसरी बाजू बनवा. दुसरी बाजू वेगळी काढू नका. फिरवूनच बनवा.

फिरवताना कोन सगळ्या दशांश आकड्यांसह द्या. ६ व्हेनला ६० अंश नेमके येतात, पण ७ व्हेनला ५१.४२८५७१... येतात. तिथे कोणी ५१.४३ लिहिलं, तर २१० मिमी त्रिज्येवर दोन बाजूंत सुमारे ५ मायक्रॉनचा फरक पडतो. ऐकायला तो क्षुल्लक वाटतो. पण ओपनफोमचं सायक्लिक पॅच, म्हणजे या दोन बाजूंची जोडी, फेसच्या (सेलच्या एका बाजूच्या) आकाराच्या ०.०००१ एवढ्याच फरकापर्यंत जुळणी मान्य करतं, आणि भिंतीलगतच्या फेसची एक कड काही मायक्रॉनचीच असते. जुळणी होत नाही आणि संदेश भलत्याच गोष्टीबद्दल तक्रार करतो. आयसेममध्ये फिरण्याची पिरियॉडिसिटी आधी ठरवा, मग दोन्ही बाजूंचे व्हर्टेक्स (ब्लॉकचे कोपरे) जोड्याजोड्यांनी पिरियॉडिक करा. एखादी जोडी राहिली की एका बाजूचा ब्लॉक हलवल्यावर दुसरी बाजू जागीच राहते, आणि हे लक्षात यायला फार वेळ लागतो.

पायरी तिसरी: टोपॉलॉजी

व्हेनभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर गुंडाळले की झाला ओ ग्रिड. गणिताच्या वहीतल्या चौकोनांसारखे आडवे-उभे ब्लॉक म्हणजे एच. जे आणि सी ही मधली रूपं, लीडिंग आणि ट्रेलिंग (पाणी बाहेर पडतं तिकडच्या) एजभोवती ब्लॉक कसे वळतात त्यावरून ठरणारी. सेंट्रिफ्यूगल इम्पेलरला सुरुवात कशी करावी असं कोणी विचारलं तर मी एकच सांगतो: व्हेनभोवती ओ, बाकी पॅसेजमध्ये एच, आणि दोन्ही टोकांना ब्लॉक वळवून घ्यायची मोकळीक. टर्बोग्रिडमधली स्वयंचलित टोपॉलॉजी बहुतेक वेळा असंच काहीतरी शोधून देते. तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही, फक्त तिने काय केलं ते बघा.

खरी अडचण कमी कोनाच्या व्हेनची आहे. आउटलेटचं वर्तुळ आणि व्हेनच्या दिशेने जाणारी पिरियॉडिक रेघ एकमेकांना २५ अंशांतच भेटतात. म्हणजे तिथल्या प्रत्येक सेलचा लहान कोन मुळातच २५ अंशांचा असतो. वरून थोडा पीळ आला की तो २० च्या खाली जातो. अशा वेळी ट्रेलिंग एज ओलांडल्यावर पिरियॉडिक रेघ हळूहळू त्रिज्येच्या दिशेने उभी करा. हळूहळू हे महत्त्वाचं. एकदम काटकोनात वळवली तर त्या वळणावरच नवे वाईट सेल तयार होतात. वळायला जागा हवी, म्हणून फिरत्या भागाचा आउटलेट व्हेनच्या टोकापासून थोडा लांब ठेवा; नेमका कुठे ते सहाव्या पायरीत येईल.

ट्रेलिंग एजबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण पुस्तकातली गोल नाकाची व्हेन आणि कारखान्यातली व्हेन यांत इथे मोठा फरक असतो. ओतीव इम्पेलर लेथवर व्यासाला उतरवला जातो. त्यामुळे व्हेनचं टोक गोल न राहता वर्तुळाच्या रेषेत सपाट कापलेलं असतं. ५ मिमी जाडीची व्हेन २५ अंशांत कापली की तो सपाट काप जवळजवळ १२ मिमी लांब होतो. आणि त्याचे दोन कोपरे सारखे नसतात. पुढच्या, म्हणजे प्रेशर साइडचा कोपरा १५५ अंशांचा बोथट, तर मागच्या, सक्शन साइडचा २५ अंशांचा, सुरीच्या पात्यासारखा. ओ ग्रिड या टोकदार कोपऱ्याभोवती गुंडाळायला गेलात की थर तिथे दुमडतात. लाल सेल नेमके तिथे, हबपासून श्राउडपर्यंत उभ्या ओळीत दिसले, तर कारण हेच.

यावर सॉफ्टवेअरमध्ये ‘कट ऑफ’ प्रकारची ट्रेलिंग एज निवडा, म्हणजे कापाच्या मागे स्वतंत्र एच ब्लॉक येतो. आयसेममध्ये हाच ब्लॉक हाताने बनवा. कापाच्या दोन्ही कोपऱ्यांना व्हर्टेक्स आणा आणि त्या दोन व्हर्टेक्समधून मागे ब्लॉक काढा. तेही अडलं तर टोकदार कोपऱ्याला अर्ध्या मिलिमीटरची गोलाई द्या. प्रत्यक्षातही कामगार तिथली धार कानस मारून काढतोच, त्यामुळे ही गोलाई वास्तवाला धरूनच आहे. मात्र सोयीसाठी अख्खी ट्रेलिंग एज अर्धगोल करून टाकू नका. टोकाचा आकार बाहेर पडणाऱ्या प्रवाहाचा कोन बदलतो आणि त्याबरोबर हेडही.

व्हेन आणि हब यांच्यामधली फिलेट (कोपऱ्यातली गोलाई) पहिल्या मेशमध्ये सोडून द्या.

पायरी चौथी: भिंतीजवळचा थर

आकडेमोड आधी, मेश नंतर. व्हेनची लांबी १२५ वजा ६० भागिले २५ अंशांची साइन, म्हणजे साधारण १५४ मिमी. इम्पेलरच्या टोकाचा वेग सेकंदाला १९ मीटर, पण थरासाठी लागतो तो व्हेनच्या सापेक्ष वेग. आपल्या पंपात तो दहाच्या आसपास धरू. पाण्याची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी २० अंश सेल्सिअसला दहा लाखांश चौरस मीटर प्रति सेकंद. रेनॉल्ड्स आकडा सुमारे १५ लाख. सपाट पट्टीच्या नेहमीच्या सूत्राने घर्षणाचा गुणांक ०.००३४ येतो आणि घर्षणवेग सेकंदाला ०.४१ मीटर. त्यावरून वाय प्लस (भिंतीपासूनचं एककरहित अंतर) ३० साठी भिंतीपासून अंतर ०.०७३ मिमी, आणि वाय प्लस १ साठी २.४ मायक्रॉन.

इथे एक बारकावा बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. सीएफएक्स वाय प्लस मोजतं ते भिंतीपासूनच्या पहिल्या नोडपर्यंत. ओपनफोमसारखे सॉल्व्हर (प्रवाहाचं गणित सोडवणारे प्रोग्राम) मोजतात सेलच्या मध्यापर्यंत. म्हणजे दुसऱ्या प्रकारात सेलची पूर्ण उंची या अंतराच्या दुप्पट हवी.

आता थर किती? ग्रोथ रेशो १.२ धरला आणि बाहेरचा सेल १ मिमीचा हवा असेल, तर वाय प्लस ३० ला १४ थर पुरतात, वाय प्लस १ ला ३३ लागतात. गंमत म्हणजे दोन्हींत थरांची एकूण जाडी चार ते पाच मिलिमीटरच्या आसपासच येते. ओ ग्रिडची रुंदी तेवढी ठेवा. नवीन माणूस ओ ग्रिड १ मिमीचा करतो आणि त्यात ३३ थर मागतो. मग ओ ग्रिड संपतो तिथे ०.१ मिमीच्या सेलशेजारी दीड मिलिमीटरचा सेल येतो, आणि सॉल्व्हर एक्स्पॅन्शन फॅक्टरबद्दल (शेजारच्या सेलच्या मापांतल्या उडीबद्दल) तक्रार करतो. उलट टोकालाही जाऊ नका. इनलेटजवळ दोन व्हेनमधलं अंतर आपल्या इम्पेलरमध्ये २२ मिमीच्या आसपास आहे. दोन्ही बाजूंनी आठ-आठ मिलिमीटरचे ओ ग्रिड घातले तर मधल्या एच ब्लॉकला श्वास घ्यायला जागा राहत नाही.

पहिला मेश वॉल फंक्शनवर (भिंतीलगतचा थर सूत्राने धरून), वाय प्लस ३० च्या पुढे ठेवूनच करा. हेड आणि पॉवरचा अंदाज त्यातून येतो. कमी डिस्चार्जला प्रवाह व्हेनवरून कुठे सुटतो ते बघायचं असेल, तेव्हा वाय प्लस १ कडे जा.

पायरी पाचवी: लाल सेल कुठे आहे?

आकडे असे आहेत. टर्बोग्रिड मुळात सेलच्या फेसचा कोन १५ ते १६५ अंशांत बघतं. आयसेममध्ये कोन १८ अंशांच्या वर आणि डिटर्मिनंट (सेल किती विकृत आहे त्याचं माप) ०.२ ते ०.३ च्या वर ठेवायचा प्रघात आहे. सीएफएक्सला ऑर्थोगोनॅलिटीचा कोन २० अंशांहून जास्त आणि एक्स्पॅन्शन फॅक्टर २० हून कमी हवा. आस्पेक्ट रेशो (सेलची लांबी भागिले जाडी) १०० च्या पुढे गेला तर डबल प्रिसिजन वापरा, १००० च्या पुढे जाऊ देऊ नका. ओपनफोमचं चेकमेश ७० अंशांच्या वरची नॉन ऑर्थोगोनॅलिटी आणि ४ च्या वरचा स्क्यूनेस दाखवून देतं.

पण या आकड्यांपेक्षा जागा महत्त्वाची. सगळ्यात वाईट पन्नास सेल स्क्रीनवर दाखवा, बाकी सगळं लपवा आणि ते कुठे जमले आहेत ते बघा.

जवळजवळ सगळेच सेल निगेटिव्ह असतील तर आनंद माना, कारण दोष एकच आहे आणि तो सोपा आहे. ब्लॉक डावखुरा आहे, नाहीतर भूमिती आरशात उलटली आहे. अक्षाची दिशा किंवा व्हर्टेक्सचा क्रम दुरुस्त केला की सगळे सेल एकदम सरळ होतात.

लाल सेल लीडिंग एजजवळ आणि फक्त श्राउडकडे असतील तर श्राउडचं प्रोफाइल तपासा: ते श्राउडपर्यंत पोचतं का, नाकावर बिंदू पुरेसे आहेत का. आयच्या वळणावर श्राउडची वक्रता तीव्र असते, तिथे बिंदू कमी असले तरी हेच होतं.

हबवर सगळं ठीक, श्राउडवरही ठीक, पण मधल्या उंचीवर सेल बिघडलेले आहेत, हे पिळाच्या व्हेनचं लक्षण. सॉफ्टवेअर हब आणि श्राउडवर टोपॉलॉजी बसवून मधलं अंदाजाने भरतं. मध्ये ५० टक्के उंचीवर आणखी एक आडवी पातळी (लेअर) द्या आणि तिथले व्हर्टेक्स हाताने सरळ करा. व्हेनचं मधलं प्रोफाइलच दिलेलं नसेल तर आधी ते द्या. दोन प्रोफाइलांत पिळाची व्हेन नेमकी सांगताच येत नाही.

अर्धवट उघड्या इम्पेलरमध्ये, म्हणजे पुढचं श्राउड नसलेल्यात, व्हेनच्या माथ्यावरच्या फटीत लाल सेल जमतात. फट ०.३-०.४ मिमीची आणि व्हेनची जाडी ५ मिमीची. फटीत उंचीला निदान आठ-दहा सेल द्या. फटीतले सेल आणि ओ ग्रिडचा पहिला थर यांची मापं एकमेकांना धरून ठेवा. फट मोठी दाखवून काम सोपं करायचा मोह होईल. तो टाळा, कारण फटीतली गळती थेट कार्यक्षमतेत उतरते.

आणि चार-पाचच सेल १४ अंशांचे राहिले असतील, प्रवाहाच्या दृष्टीने बिनमहत्त्वाच्या कोपऱ्यात असतील, तर पुढे जा. सगळे आकडे हिरवे करायच्या नादात चांगला मेश बिघडवलेले लोक मी पाहिले आहेत.

पायरी सहावी: सॉल्व्हरमध्ये घालताना

इंटरफेस अक्षाभोवती फिरवून तयार होणारा पृष्ठभागच हवा. जरासा खालीवर असेल तर फिरताना दोन बाजू एकमेकांत घुसतात. तो इम्पेलरचं टोक आणि टंग यांच्या साधारण मध्यावर ठेवा, आणि दोन्हीकडच्या सेलची मापं जवळपास सारखी असू द्या. एकीकडे अर्धा मिलिमीटर आणि दुसरीकडे चार, असं झालं की टंगजवळच्या दाबाचं चित्र फुटकं दिसतं.

फिरण्याची दिशा उजव्या हाताच्या नियमाने तपासा. हेड निम्म्याहून कमी आलं तर मेशला दोष देण्याआधी वेगाचं चिन्ह बघा. फिरत्या भागाच्या आत एखादी स्थिर भिंत येत असेल, जसं अर्धवट उघड्या इम्पेलरच्या समोरचं केसिंग, तर त्या भिंतीला उलट फिरायला सांगावं लागतं. नाहीतर सॉल्व्हर ती इम्पेलरबरोबर फिरते असंच समजतो.

पहिलं गणित जाडसर मेशवर करा. ते स्थिरावलं की तीन मेश करा, प्रत्येक दिशेला सेलचं माप निदान १.३ पटीने बारीक करत. हा १.३ चा किमान आकडा एएसएमई या अमेरिकेतल्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेच्या फ्लुइड्स इंजिनिअरिंगच्या नियतकालिकाने २००८ मध्ये दिलेल्या पद्धतीतला आहे. तीन दिशांत मिळून सेलची संख्या दर वेळी सुमारे २.२ पट होते. एका पॅसेजला दीड लाखाने सुरुवात केली तर पुढे ३.३ लाख आणि मग ७.२ लाख. शेवटच्या मेशचे सहा पॅसेज म्हणजे ४३ लाख सेल, हे संगणकाची मेमरी बघून आधीच ठरवा. स्ट्रक्चर्ड मेशचा खरा फायदा इथे कळतो: टोपॉलॉजी एकदा बसली की फक्त नोडचे आकडे बदलून तिन्ही मेश एका तासात होतात.

सरावासाठी

स्वतःच्या पंपाआधी एक उघड उपलब्ध असलेलं उदाहरण करा. जिनोआ विद्यापीठात मोजमापं घेतलेला एर्कोफ्टॅकचा (युरोपमधल्या प्रवाहशास्त्राच्या संशोधन संघटनेचा) सेंट्रिफ्यूगल पंप यासाठी अगदी योग्य आहे. इम्पेलरचा व्यास ४२० मिमी, ७ व्हेन, त्याभोवती १२ व्हेनचा डिफ्यूजर (स्थिर पात्यांचं कडं), दोघांमध्ये त्रिज्येच्या सुमारे ६ टक्के अंतर, फट ०.४ मिमी, वेग २००० आरपीएम आणि पाण्याऐवजी हवा. त्यामुळे वर काढलेलं थराचं गणित हवेच्या व्हिस्कॉसिटीने पुन्हा करावं लागेल, आणि तो सराव हवाच. व्हेन पिळलेल्या नाहीत, म्हणून हबवर बसलेली टोपॉलॉजी श्राउडपर्यंत तशीच जाते. ओपनफोम वापरणाऱ्यांमध्ये हे उदाहरण चांगलं रुळलेलं आहे, अडलं तर विचारायला माणसं मिळतात. पहिल्या दिवशी मेश करू नका. तिन्ही वक्र स्प्रेडशीटमध्ये काढा, ३६० ला ७ ने भागा, आणि दशांशचिन्हापुढचे निदान आठ आकडे तसेच लिहून ठेवा.